यंत्र हलले, नोंद हलली का? विभाग आणि ठिकाण बदलताना स्थिर मालमत्तेचा हिशेब

महाराष्ट्रातील शाळा, पंचायत समित्या आणि सरकारी कार्यालयांत एक जाडजूड नोंदवही असते. कागदोपत्री तिचे नाव जडवस्तू संग्रह नोंदवही. बोलीत मात्र ती ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणूनच ओळखली जाते. मुख्याध्यापकांची बदली झाली की ही वही उघडली जाते, कपाटे, बाके, खुर्च्या मोजल्या जातात आणि दोन सह्या झाल्याखेरीज कार्यभार पूर्ण झाला असे मानले जात नाही. वस्तू कोठे आहे आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या वहीत एकत्र नांदतात.

अमेरिकेतील कंपन्यांत, विद्यापीठांत आणि सार्वजनिक संस्थांत ही वही संगणकात गेली आहे. तिथे तिला ‘फिक्स्ड ॲसेट रजिस्टर’ म्हणतात. शिकागोच्या कार्यालयातील सर्व्हर डॅलसला जातो, संशोधन विभागातील सूक्ष्मदर्शक उत्पादन विभागाकडे सोपवला जातो, तेव्हा या नोंदवहीत ‘ॲसेट ट्रान्सफर’ची नोंद होणे अपेक्षित असते. वित्त विभागांत हे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याकडे किंवा महिनाअखेरीच्या उरलेल्या अर्ध्या तासाकडे ढकलले जाते. मालमत्तेची एकूण किंमत बदलत नाही, नफातोटा होत नाही, मग घाई कशाची, असा त्यामागचा विचार. मात्र अमेरिकेत मालमत्तेचा पत्ता बदलला की तिच्यावरील कर बदलू शकतो, विभाग बदलला की उत्पादनाचा खर्च बदलू शकतो आणि ताबेदार बदलूनही नोंद तशीच राहिली, तर मालमत्ताच नाहीशी होऊ शकते.

नोंद न हलल्याची किंमत

याचे बोलके उदाहरण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्याच दप्तरात आहे. इंडियन हेल्थ सर्व्हिस ही संस्था अमेरिकेतील मूलनिवासी जमातींना आरोग्यसेवा पुरवते. तिच्या मालमत्तेची तपासणी ‘गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या संसदीय लेखातपासणी संस्थेने केली आणि जून २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. २००४ ते २००७ या चार आर्थिक वर्षांत सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलर किमतीच्या ५ हजारांहून अधिक वस्तू हरवल्या किंवा चोरीला गेल्या, असे त्यात नमूद आहे. मुख्यालयातील संगणकसामग्रीची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा १,१०० हून अधिक वस्तू जागेवर सापडल्या नाहीत. तेथील एकूण संगणकसामग्रीत त्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते.

या अहवालात दाखवलेल्या त्रुटी अनोळखी नाहीत: वस्तूंना बारकोड न लावणे, वार्षिक मोजणी टाळणे आणि वस्तू एखाद्याच्या हाती देताना ताबापावती न करणे. न्यू मेक्सिकोतील एका रुग्णालयातून चोरीला गेलेल्या संगणकात युरेनियम खाणकामगारांची नावे, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि वैद्यकीय माहिती होती. अशा संगणकाचे पुस्तकी मूल्य जवळजवळ शून्य असू शकते. त्यातील माहितीचे तसे नसते. म्हणूनच ‘घसारा संपला, आता कोठेही असो’ हा युक्तिवाद टिकत नाही.

बदलीचे तीन प्रकार

‘बदली’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे व्यवहार येतात आणि गोंधळाचे मूळ बहुधा ते एकच समजण्यात असते.

पहिला प्रकार ताबा किंवा जागा बदलण्याचा. मालमत्ता त्याच विभागाची राहते, फक्त इमारत, मजला किंवा ताबेदार बदलतो. खातेवहीत कोणतीही रक्कम हलत नाही. मालमत्तेच्या मूळ नोंदीतील ठिकाण आणि ताबेदार बदलला की काम झाले.

दुसरा प्रकार त्याच कायदेशीर कंपनीच्या दोन विभागांमधला किंवा दोन शाखांमधला. इथे खर्चकेंद्र बदलते, म्हणून पुढील घसारा नव्या विभागाच्या नावे पडला पाहिजे. विभागवार किंवा शाखावार ताळेबंद तयार होत असेल, तर मूळ किंमत आणि संचित घसारा या दोन्ही रकमाही हलवाव्या लागतात.

तिसरा प्रकार एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे, म्हणजे पालक कंपनीकडून उपकंपनीकडे किंवा एका भगिनी कंपनीकडून दुसरीकडे. दोन्ही कंपन्यांचा मालक एकच असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ही मालकीची अदलाबदल आहे. तिला केवळ ‘बदली’ म्हणणे धोक्याचे.

चार ओळींची नोंद

दुसऱ्या प्रकारचे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका कंपनीने १ जानेवारी २०२३ रोजी इलिनॉय शाखेसाठी ६०,००० डॉलरचे यंत्र घेतले. आयुर्मान ५ वर्षे, अवशिष्ट मूल्य शून्य, पद्धत सरळ रेषेची. म्हणजे दरमहा १,००० डॉलर घसारा. १ जुलै २०२५ रोजी यंत्र टेक्सास शाखेकडे गेले. तोपर्यंत ३० महिने झाले, म्हणून संचित घसारा ३०,००० आणि पुस्तकी मूल्यही ३०,००० डॉलर.

योग्य नोंद चार ओळींची होते. टेक्सास शाखेचे यंत्र खाते ६०,००० ने नावे, इलिनॉय शाखेचे यंत्र खाते ६०,००० ने जमा. इलिनॉय शाखेचे संचित घसारा खाते ३०,००० ने नावे, टेक्सास शाखेचे संचित घसारा खाते ३०,००० ने जमा. कंपनीची एकूण बेरीज पूर्वी होती तीच राहते. खरेदीची तारीख, मूळ किंमत, आयुर्मान आणि घसाऱ्याची पद्धत बदलत नाही. २०२५ या वर्षातील जानेवारी ते जूनचा ६,००० डॉलरचा घसारा इलिनॉयच्या खर्चात राहतो, जुलै ते डिसेंबरचा ६,००० डॉलरचा घसारा टेक्सासच्या खर्चात पडतो. यंत्राचे आयुष्य डिसेंबर २०२७ मध्येच संपते.

व्यवहारात दोन चुका वारंवार होतात. पहिली, यंत्र इलिनॉयमध्ये मोडीत काढल्याचे दाखवून टेक्सासमध्ये नव्याने घेतल्याची नोंद करणे. तसे केल्यास इलिनॉयच्या पुस्तकात ३०,००० डॉलरचा तोटा उभा राहतो, जो प्रत्यक्षात कोणालाच झालेला नसतो. दुसरी, फक्त पुस्तकी मूल्य हलवणे. टेक्सासच्या नोंदवहीत ३०,००० डॉलरचे ‘नवे’ यंत्र दिसते, प्रणाली त्याला पुन्हा ५ वर्षांचे आयुष्य देते, घसारा दरमहा ५०० डॉलरवर येतो आणि २०२७ मध्ये संपायचे यंत्र जून २०३० पर्यंत पुस्तकात जिवंत राहते. शिवाय २०२३ ची खरेदी आणि ६०,००० ची मूळ किंमत हे दोन्ही तपशील पुसले जातात. पुढे मालमत्ता कराच्या विवरणपत्रात नेमके तेच विचारले जातात.

विभाग बदलला की खर्चाचे रूप बदलते

ठिकाण न बदलता फक्त विभाग बदलला, तरी परिणाम किरकोळ नसतो. यंत्र प्रशासन विभागात असेल, तर त्याचा घसारा त्याच काळाचा खर्च ठरतो. तेच यंत्र उत्पादन विभागात गेले, तर घसारा कारखान्याच्या वरखर्चात मिसळतो आणि तयार मालाच्या किमतीत शिरतो. माल विकला जाईपर्यंत तो ताळेबंदात साठ्याच्या रूपाने बसून राहतो. संशोधन विभागातील यंत्राचा घसारा संशोधन खर्चात धरला जातो. म्हणजे बदलीची नोंद तीन महिने उशिरा झाली, तर त्या तीन महिन्यांचा नफा, साठ्याचे मूल्य आणि विभागप्रमुखाचे अंदाजपत्रक या तिन्हींत फरक पडतो. केंद्र सरकारच्या अनुदानातून घेतलेल्या उपकरणांबाबत तर विभाग बदलण्यापूर्वी अनुदानाच्या अटी पाहाव्याच लागतात.

निरनिराळ्या प्रणालींतील वाटा

प्रत्येक लेखाप्रणालीत या कामाची वाट वेगळी आहे, तत्त्व मात्र एकच.

एसएपीमध्ये मालमत्तेच्या मूळ नोंदीतील खर्चकेंद्र तारखेच्या कालखंडानुसार बदलता येते. नवा कालखंड जोडला की त्या तारखेपासूनचा घसारा नव्या केंद्राकडे जातो. एका मालमत्ता क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर पूर्ण किंवा अंशतः रक्कम हलवायची असेल, तर ‘एबीयूएमएन’ हा व्यवहार वापरला जातो. एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना ‘एबीटी१एन’.

ओरॅकल ॲसेट्समध्ये प्रत्येक मालमत्तेला ‘असाइनमेंट’ असते. तिच्यात नगसंख्या, कर्मचारी, घसारा खर्चाचे खाते आणि ठिकाण असे चार तपशील असतात. बदली म्हणजे जुन्या ओळीवरील नग कमी करून नव्या ओळीवर चढवणे. संपूर्ण विभाग स्थलांतरित होत असेल, तर ‘मास ट्रान्सफर’ची सोय आहे.

नेटस्वीटच्या स्थिर मालमत्ता विभागात बदलीसाठी स्वतंत्र पान असते. तेथून उपकंपनी, विभाग, वर्ग आणि ठिकाण बदलता येते. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये ‘एफए रिक्लासिफिकेशन जर्नल’द्वारे एका मालमत्तेचे दोन भाग करणे, दोन मालमत्ता एकत्र करणे किंवा किंमत आणि घसारा दुसरीकडे नेणे शक्य होते. क्विकबुक्स वापरणाऱ्या लहान व्यवसायांत बहुधा वरील चार ओळींची रोजकीर्द नोंदच हाताने करावी लागते. प्रत्येक ओळीवर योग्य ‘क्लास’ निवडणे आणि मालमत्तेची यादी वेगळ्या तक्त्यात अद्ययावत ठेवणे ही जबाबदारी वापरकर्त्याची.

कोणतीही प्रणाली असो, नोंदीनंतरची तपासणी तीन बेरजांनी होते. बदलीपूर्वी आणि बदलीनंतर कंपनीची एकूण मूळ किंमत समान हवी, एकूण संचित घसारा समान हवा आणि मालमत्ता नोंदवहीची बेरीज सामान्य खातेवहीतील शिलकेशी जुळली पाहिजे. बदली थेट खातेवहीत रोजकीर्द नोंदीने केली आणि मालमत्ता नोंदवहीला हात लावला नाही, तर पुढच्याच महिन्यात घसारा जुन्या विभागाच्या नावे पडतो आणि दोन्हींचा मेळ तुटतो.

तारीख कोणती?

बदलीची तारीख म्हणजे अर्जावर सही झाल्याची तारीख नव्हे, संगणकात नोंद केल्याची तारीखही नव्हे. वस्तू प्रत्यक्ष नव्या विभागाच्या ताब्यात आली तो दिवस ग्राह्य धरायचा. वरील उदाहरणातील यंत्र १ जुलैला हलले आणि नोंद सप्टेंबरमध्ये झाली, तर जुलै व ऑगस्टचे २,००० डॉलर इलिनॉयच्या खर्चातून काढून टेक्सासच्या खर्चात टाकावे लागतात. मागील तारखेची बदली स्वीकारणाऱ्या प्रणाली हा फेरफार चालू महिन्यात आपोआप करतात. बंद झालेले महिने पुन्हा उघडण्याची गरज नसते, आणि तसे करणे योग्यही नव्हे. आर्थिक वर्ष उलटून गेले असेल, तर मात्र प्रणालीची सोय अपुरी पडू शकते आणि प्रश्न लेखापरीक्षकांपर्यंत जातो.

१ जानेवारीचा पत्ता

अमेरिकेतील नोंदींत तारखेला इतके वजन असण्याचे मोठे कारण मालमत्ता कर. भारतात मालमत्ता कर म्हटले की घर किंवा इमारत डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील अनेक राज्यांत व्यवसायातील यंत्रे, संगणक, टेबलखुर्च्या यांवरही स्थानिक संस्था दरवर्षी कर आकारतात. काही राज्यांत तो नाही. इलिनॉयने कंपन्यांच्या जंगम मालमत्तेवरील कर १९७९ मध्ये रद्द केला; न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर येथेही सर्वसाधारण व्यवसायांच्या यंत्रसामग्रीवर असा कर नाही. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तो आहे, आणि दोन्ही राज्यांत १ जानेवारीची स्थिती पाहिली जाते.

टेक्सासमध्ये विवरणपत्राची सर्वसाधारण अंतिम तारीख १५ एप्रिल. ते वेळेत न दिल्यास कराच्या १० टक्के दंड बसतो. कॅलिफोर्नियात १ लाख डॉलर वा त्याहून अधिक खर्चाची सामग्री असलेल्या व्यवसायाला ‘५७१-एल’ हे विवरणपत्र द्यावे लागते. त्याची तारीख १ एप्रिल आहे आणि ७ मेनंतर १० टक्के दंड लागू होतो.

आता उदाहरणातील यंत्र उलट दिशेने गेले अशी कल्पना केली, तर ते नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधून इलिनॉयला गेले, नोंद मात्र फेब्रुवारीत झाली. १ जानेवारीला नोंदवही ते टेक्सासमध्येच दाखवते आणि तिथे नसलेल्या यंत्रावर कंपनी वर्षभराचा कर भरते. अशा कागदावर उरलेल्या वस्तूंना लेखाक्षेत्रात ‘घोस्ट ॲसेट’ म्हणतात. याउलट इलिनॉयमधून डिसेंबरमध्ये टेक्सासला आलेले यंत्र नोंदवहीत दिसले नाही, तर विवरणपत्र अपुरे ठरते. टेक्सासमध्ये एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात यंत्र गेले, तरी मूल्यांकन करणारे कार्यालय आणि कराचा दर बदलतो. म्हणून नोंदवहीत केवळ राज्याचे नाव पुरत नाही. रस्त्यापर्यंतचा पत्ता लागतो.

विक्रीकर, वापरकर आणि जीएसटीची सवय

भारतात लेखाकाम केलेल्यांना आंतरराज्य बदली म्हटले की जीएसटी आठवतो. तिथे एकाच कंपनीच्या महाराष्ट्र आणि कर्नाटकातील नोंदणी स्वतंत्र व्यक्ती मानल्या जातात आणि मोबदला नसतानाही त्यांच्यामधील पुरवठा करपात्र ठरतो. अमेरिकेत केंद्रीय पातळीवर असा कर नाही. एकाच कंपनीने स्वतःचे यंत्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले, म्हणजे विक्री होत नाही.

तरीही ‘यूज टॅक्स’, म्हणजे वापरकर, लागू होऊ शकतो. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. तिथे करमुक्त घेतलेले यंत्र शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात वापरायला नेले, तर वॉशिंग्टनचा वापरकर देय होतो. आधीच्या राज्यात विक्रीकर भरला असेल, तर त्याची वजावट सामान्यतः मिळते. ती मागण्यासाठी मूळ बीजक हाताशी असावे लागते. बदलीच्या नोंदीला खरेदीचे बीजक जोडून ठेवण्याची सवय इथे कामी येते.

राज्य आयकरातही पत्ता डोकावतो. १९५७ च्या नमुना कायद्यात कंपनीचे उत्पन्न राज्याराज्यांत वाटण्यासाठी मालमत्ता, वेतन आणि विक्री हे तीन निकष धरले होते. आता बहुतेक राज्ये केवळ विक्रीवर भर देतात. पण जिथे मालमत्तेचा निकष टिकून आहे, तिथे स्वमालकीच्या वस्तू मूळ किमतीने मोजल्या जातात, पुस्तकी मूल्याने नव्हे.

कंपनी किंवा देश बदलला तर

मालमत्ता दुसऱ्या कायदेशीर कंपनीकडे जात असेल, तर हिशेबाची आणि कराची उत्तरे निरनिराळी असतात. एकाच नियंत्रणाखालील कंपन्यांमध्ये अमेरिकी लेखामानकांनुसार मालमत्ता सामान्यतः पुस्तकी मूल्यानेच हलते, आणि एकत्रित ताळेबंदात गटांतर्गत नफा वगळला जातो. मात्र राज्याच्या विक्रीकराच्या दृष्टीने ती विक्री ठरू शकते, म्हणून करारपत्र, मूल्य आणि सवलतीचे कारण कागदावर हवे.

पुणे किंवा बंगळूरच्या उपकंपनीकडे सामग्री पाठवताना तर ‘बदली’ हे बटण दाबून चालत नाही. ती निर्यात आहे, भारताच्या बाजूने आयात आहे. मूल्य दोन्ही देशांच्या ट्रान्सफर प्रायसिंग नियमांत बसले पाहिजे. वापरलेल्या संगणकांच्या आणि लॅपटॉपच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत आणि त्यासाठी परवानगी लागते. मालकी अमेरिकी कंपनीकडेच ठेवून यंत्र परदेशात ठेवले, तरी करविषयक घसारा बदलतो: करवर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ अमेरिकेबाहेर असलेल्या सामग्रीला वेगवान घसारा मिळत नाही, तिला सावकाशीची पर्यायी पद्धत लागू होते. ठिकाणाची नोंद बदलली नाही, तर करविवरणातील घसारा नकळत चुकीचा ठरतो.

चांगल्या बदलीची शिस्त

या सर्वांतून निघणारी कार्यपद्धती साधी आहे. वस्तू हलण्यापूर्वी बदलीचा अर्ज भरावा. त्यात मालमत्ता क्रमांक, अनुक्रमांक, जुने आणि नवे ठिकाण, जुना आणि नवा विभाग, बदलीची तारीख आणि कारण असावे. पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या अशा दोन्ही विभागांची संमती हवी. केवळ पाठवणाऱ्याची सही पुरेशी नाही. स्वीकारणाऱ्याने वस्तू पोहोचल्यावर बारकोड वाचून ताबा नोंदवावा. अर्ज करणारी, मंजुरी देणारी आणि प्रणालीत नोंद करणारी व्यक्ती एकच नसावी. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याखाली येणाऱ्या सूचीबद्ध कंपन्यांत लेखापरीक्षक याच साखळीचा पुरावा मागतात.

प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. केंद्र सरकारच्या अनुदानातून घेतलेल्या उपकरणांसाठी नियमच असा आहे की नोंदीत ठिकाण, वापर आणि स्थिती असावी आणि किमान दोन वर्षांतून एकदा मोजणी करून ती नोंदींशी पडताळावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा ‘उपकरणा’ची किंमतमर्यादा ५,००० वरून १०,००० डॉलर झाली. त्यामुळे काही वस्तू या नियमाबाहेर गेल्या, तरी त्यांची संस्थांतर्गत जबाबदारी संपलेली नाही. खासगी कंपन्यांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विभागप्रमुखांकडून यादी तपासून घेतली, तर १ जानेवारीपूर्वी चुकलेले पत्ते दुरुस्त करता येतात. एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना लागलेला शोध उशिराचा असतो.

घसारा किती, हे प्रणाली अचूक सांगते. वस्तू कोठे आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुख्याध्यापक कपाट मोजून सही करतात, तेव्हा ते हेच काम करत असतात. शिकागो ते डॅलसच्या प्रवासातही ते काम यंत्राच्या आधी सुरू व्हावे लागते आणि यंत्र पोहोचल्यानंतर दुसऱ्या सहीने पूर्ण व्हावे लागते.